माणसे मोजावीत की माणसे जोडावीत?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका धर्मादाय न्यासाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली होती आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकण्याचे काम माझ्याकडे होते. गटात चारशेच्या वर पालक. मी रात्री सूचना टाकली. सकाळी पाहिले तर बहुतेकांनी ती पाहिल्याची निळी खूण उमटलेली होती आणि पन्नासएक जणांनी उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठविले होते. मी निश्चिंत झालो. मुदत उलटून गेल्यावर कळले की दोन मुलींचे अर्ज राहूनच गेले. एकीचे वडील हमाली करतात. घरातला फोन थोरल्या मुलाच्या खिशात असे आणि सूचना त्यानेच पाहिली होती. दुसरीच्या आईने सूचना उघडली होती, परंतु तिला वाचता येत नव्हते. त्या वर्षी त्या दुसऱ्या मुलीची शाळा सुटली.

चूक माझी होती. पूर्वी अशी सूचना आली की आम्ही दोघे-तिघे शिक्षक सायकली घेऊन मोहल्ल्यात निघत असू. पन्नास घरे फिरावयास दोन संध्याकाळी लागत. चहा तर इतक्या ठिकाणी घ्यावा लागे की रात्रीची झोप जाई. पण अर्ज राहत नसे. आता चारशे घरी सूचना जावयास एक क्षण पुरला, आणि नेमकी जिच्यासाठी ती सूचना होती ती मुलगीच राहिली.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत आहे. माणसांचे जाळे जितके मोठे करावे तितके ते उपयोगी पडते, की जितके मोठे होईल तितके विरळ होत जाते? हा प्रश्न मोबाईलने निर्माण केला असे आपण समजतो. पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर तो फार जुना आहे आणि त्यावर मोठमोठ्या माणसांनी विचार केलेला आहे. त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श घेण्याचा हा प्रयत्न आहे. (आपल्या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या काळाविषयी लिहिताना त्या काळचे नाव वापरले आहे.)

किल्ल्यातील पत्रे

आरंभ आपल्या किल्ल्यापासूनच करू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अटक झाली आणि मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल आदी नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. मौलाना त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. आरंभी त्यांना ना वृत्तपत्र मिळे, ना पत्रव्यवहाराची मुभा होती.

हे मौलाना कोण होते? १९१२ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी कलकत्त्यात ‘अल्-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे दोन वर्षांत त्याचा खप आठवड्याला २६,००० प्रतींवर गेला. त्या काळच्या उर्दू पत्रसृष्टीत हा आकडा कोणी ऐकलेला नव्हता. सरकारने प्रथम दोन हजारांचा व नंतर दहा हजारांचा जामीन मागितला, दोन्ही जप्त झाले, आणि १९१४ साली साप्ताहिक बंद पडले. म्हणजे हजारो अनोळखी वाचकांपर्यंत पोहोचणे म्हणजे काय, हे ज्यांना पुरते ठाऊक होते अशांपैकी ते एक होते.

तेच मौलाना किल्ल्यात बसून एका माणसाला पत्रे लिहू लागले. ते स्नेही म्हणजे नवाब सदर यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी. पत्रे पाठविता येत नव्हती, हे मौलानांना माहीत होते. तरीही पहाटे उठून, स्वतः चहा करून, ते लिहीत राहिले. चहाच्या आवडीविषयी लिहिले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी लिहिले, आणि एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात निवर्तल्या तेव्हा तेही दुःख याच पत्रांत उतरले. सुटकेनंतर १९४६ साली ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि आज उर्दू गद्यातील एक मानाचा ग्रंथ म्हणून ती वाचली जातात.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातील आहेत, म्हणून त्यांचा मेळ घालून पाहणे बोधप्रद आहे. ‘अल्-हिलाल’ नसते तर मौलानांचा विचार देशभर गेला नसता. म्हणून पसारा हा मुळात वाईट असे म्हणता येणार नाही. परंतु तुरुंगातील एकांतात मन उघडावयाची वेळ आली, तेव्हा त्यांना सव्वीस हजार वाचकांची नव्हे, ओळखीच्या एका माणसाची आठवण झाली. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. घोटाळा होतो तो एकीचे काम दुसरीवर सोपविल्याने.

ओळखीची माणसे आणि पैशाचा व्यवहार

यावर कोणी म्हणेल की ही मनाची गोष्ट झाली, व्यवहारात ओळखीला काय किंमत? त्यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. आरंभ पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे महिन्यात झाला आणि आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदा या भागांत ते पसरले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली ती मुख्यतः कर्जाची खते हस्तगत करून जाळण्यासाठी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सावकार काही अनोळखी नव्हता. तो कुळाचे घर, शेत, बैल, मुलीचे लग्न, सगळे जाणत होता. म्हणजे निव्वळ ओळख असणे पुरेसे नाही. ज्या ओळखीत एकाच्या हाती खतावणी आणि दुसऱ्याच्या हाती फक्त अंगठा, ती ओळख फासही होऊ शकते.

या कर्जबाजारीपणावर उपाय शोधताना सरकारचे लक्ष जर्मनीतील फ्रीडरिख रायफायझेन यांच्या प्रयोगाकडे गेले. त्यांच्या पतपेढीचे क्षेत्र मुद्दाम लहान ठेवलेले असे. कारण सरळ होते : कर्ज मागणारा कसा आहे, पैसे कशाला मागतो, फेडील की नाही, हे सभासदांना प्रत्यक्ष ठाऊक असले पाहिजे. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच धर्तीवर. एका गावातील किमान दहा माणसांनी एकत्र येऊन संस्था काढावी, आणि ग्रामीण संस्थेत जबाबदारी अमर्यादित असावी, म्हणजे एकाने बुडविले तर सर्वांनी भरावे, अशी त्याची रचना होती. परस्परांची ओळख ही येथे केवळ सौजन्याची बाब नव्हती. संस्थेचे तारणच ते होते.

आपल्या जिल्ह्यातील लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली अशीच पतपेढी उभी केली. पुढे १९४५ साली बेलापूर येथे कालव्यावरील बागाईतदारांची परिषद अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा हा विचार तेथे मूळ धरू लागला. विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भागभांडवल जमविले. १९५० च्या अखेरीस प्रवरा काठी कारखान्याचे गाळप सुरू झाले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याची ख्याती आहे. गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष.

पतपेढीत मूठभर माणसे होती, कारखान्याला शेकडो लागत होती. मग एवढी माणसे आली कशी आणि टिकली कशी? आली ती ओळखीच्या माणसाने उंबऱ्यावर येऊन सांगितले म्हणून. टिकली ती दोन कारणांनी. एक, शेतकऱ्याला ऊस घालावयास कारखाना हवा होता आणि कारखान्याला ऊस हवा होता. गरज दोन्ही बाजूंची होती. दुसरे, सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच, आणि वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला. संख्या वाढली, पण वाढताना सभासद मुका झाला नाही. पुढच्या काळात ज्या ज्या सहकारी संस्थांत सभासद केवळ मतदानापुरता उरला, तेथे काय झाले ते वाचकांनी आपल्या आसपास पाहिलेच आहे.

लहान संस्था की मोठी?

लहान संस्थाच चांगली असा निष्कर्ष कोणी काढील, म्हणून पुढची हकीकत सांगणे अगत्याचे आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष होते आणि गाडगीळ हेही सभासद होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सर्वांना धक्का दिला. पन्नास वर्षांच्या सहकारानंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येत होते अवघे ३.१ टक्के. सुमारे ७० टक्के कर्ज अजून सावकारांचेच होते. लहान संस्थेजवळ ना पुरेसे भांडवल, ना पगारी चिटणीस. गावातल्या वजनदार मंडळींच्या ओळखीत जे बसत नव्हते, त्या गरिबांना ती दारातही उभी करीत नसे. म्हणून समितीने अनेक गावांची मिळून मोठी, मर्यादित जबाबदारीची संस्था असावी अशी शिफारस केली.

त्यावर देशात मोठा वाद झाला. मोठ्या संस्थेत माणूस माणसाला ओळखेनासा होतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. १९५८ साली राष्ट्रीय विकास परिषदेने गाव हाच घटक धरावा असा ठराव केला. शेवटी १९६० साली वैकुंठभाई मेहता यांच्या समितीने मध्यम मार्ग सुचविला : संस्था तगण्याइतकी मोठी असावी, परंतु तिची व्याप्ती साधारणपणे ३,००० लोकवस्तीच्या पुढे आणि मुख्य गावापासून तीन-चार मैलांच्या पलीकडे जाऊ नये. माणूस पायी जाऊन ज्याला भेटू शकेल तो आपला सभासद, असेच जणू त्यांनी सांगितले.

आकडे जुने आहेत, पण ही विचार करण्याची रीत मला फार महत्त्वाची वाटते. किती वाढावे, हे त्यांनी ओळख टिकण्याच्या अंतरावरून ठरविले.

पडद्यावरचा मोहल्ला

आता आपल्या मुलांच्या हातातील जाळ्याकडे येऊ. गूगल कंपनीतील ऑर्कुट नावाच्या तुर्की अभियंत्याने उभारलेले ‘ऑर्कुट’ जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. प्रारंभी त्यात कोणालाही थेट जाता येत नसे. आत असलेल्याने आमंत्रण द्यावे लागे. भारतात व ब्राझीलमध्ये ते अफाट पसरले. आज ज्यांची मुले शाळेत आहेत, त्या पालकांपैकी अनेकांनी महाविद्यालयाच्या दिवसांत सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आपल्या मित्राविषयी तेथे चार ओळी लिहिल्या असतील. पण गर्दी ओसरली आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. अमेरिकेत ‘मायस्पेस’ची तीच गत झाली. २००५ साली ५८ कोटी डॉलरला विकत घेतले गेलेले हे जाळे २०११ साली साडेतीन कोटी डॉलरला विकावे लागले. माणसे येणे एक आणि राहणे दुसरे, हा धडा या धंद्याला असा मिळाला.

फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या फेसबुकने तो धडा चांगला गिरविला. नवा सभासद टिकतो कधी, याचा त्यांनी हिशेब केला. पहिल्या दहा दिवसांत ज्याला ओळखीचे सात मित्र सापडतात तो राहतो, असे सूत्र त्यांच्या वाढीचे काम पाहणाऱ्यांनी धरले होते. म्हणजे विखे पाटलांनी गावोगाव हिंडून जे जाणले, तेच यांना आकड्यांतून कळले : माणूस माणसासाठी येतो आणि माणसासाठी थांबतो.

परंतु येथून वाटा फुटतात. साखर कारखान्याचा सभासद हा मालक होता. फेसबुकचा सभासद मालकही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. तो पैसे देत नाही. पैसे देतो जाहिरातदार, आणि त्याला विकली जाते ती आपली नजर. म्हणून सभासद किती आले एवढेच पाहून भागत नाही, तो रोज किती वेळ थांबला हे मोजावे लागते. बोटाने सरकवीत राहावे आणि पान कधी संपूच नये अशी रचना, पसंतीचा अंगठा, सतत वाजणारी सूचनेची घंटी, ही सारी त्या थांबविण्याची साधने होत. ओळखीची सात माणसे दिवसातून किती बोलणार? ती थांबली की अनोळखी माणसांची भांडणे व करमणूक समोर आणून ठेवली जाते.

कंपनीलाही यातील धोका जाणवला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की यापुढे घरच्यांच्या व मित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देऊ. करमणुकीच्या चित्रफिती कमी दाखविल्यामुळे लोकांचा तेथे जाणारा वेळ रोज सुमारे पाच कोटी तासांनी घटला, असे कंपनीनेच सांगितले. हेतू चांगला होता. पण ‘खरा संबंध’ मोजावयाचा कसा? त्यांनी तो मोजला प्रतिक्रियांवरून. आणि सर्वांत जास्त प्रतिक्रिया येतात त्या संतापजनक मजकुराला! या बदलामुळे राग वाढत असल्याचा इशारा कंपनीतील माणसांनीच दिला होता, हे २०२१ साली बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून जगाला कळले.

राईनपाड्याचा धडा

ओळखीचा धागा तुटलेले जाळे काय करू शकते, हे पाहावयास अमेरिकेस जाण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही गरीब माणसे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होती. अफवा पाठविणारा ओळखीचा होता म्हणून ती खरी वाटली. पण त्याला ती कोणी दिली, त्या आधी कोणी दिली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि समोर उभ्या असलेल्या माणसांची बाजू ऐकून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अशा घटना देशात इतरत्रही झाल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यास मनाई केली. जानेवारी २०१९ मध्ये हाच नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले, आणि अशा निरोपांची संख्या ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. आपल्याच निरोपांची वाहतूक कमी करावी लागावी, ही बाब लक्षणीय आहे. मेहता समितीने गावाच्या अंतराची मर्यादा घातली, यांनी ढकलण्याची घातली. मात्र ही मर्यादा पाच माणसांचे प्राण गेल्यावर आली. आणि २०२२ साली याच व्हॉट्सॲपने गटाची मर्यादा २५६ वरून प्रथम ५१२ व नंतर १,०२४ माणसांवर नेली. ओढाताण संपलेली नाही.

आपण काय करावे?

काही पालक म्हणतात की फोनच काढून घ्यावा. हे मला पटत नाही. आपल्यातील कित्येक घरांची माणसे आखातात नोकरीला आहेत. ज्या मुलाला पूर्वी वालिदांचे खत महिन्याने मिळे, तो आज त्यांचा चेहरा रोज पाहतो. हे साधन टाकून देण्यासारखे नाही. प्रश्न आहे तो कोणते काम त्याच्यावर सोपवावे आणि कोणते सोपवू नये एवढाच.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, आपल्या यादीत पाचशे नावे असतील तर आनंद आहे. पण आजारी पडल्यास वही आणून देईल असा त्यात कोण आहे, आणि आपण कोणाला दिली आहे, याचा हिशेब एकदा करावा. आलेला निरोप पुढे ढकलण्यापूर्वी तो मूळ कोणाचा हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तेथेच थांबवावा. पालकांना विनंती अशी की, मुलाचा फोन तपासण्याआधी त्याच्या मित्रांना एकदा घरी जेवावयास बोलवावे. त्यातून जे कळते ते फोन तपासून कळत नाही.

आणि संस्थेच्या कामापुरते आम्ही गेल्या वर्षापासून एक पद्धत घातली आहे. चारशे पालकांचा गट ठेवला आहे, कारण सूचना पसरविण्यास त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. पण त्या खाली गल्लीवार वीस-वीस घरांच्या याद्या केल्या असून प्रत्येक यादी एका शिक्षकाकडे किंवा माजी विद्यार्थ्याकडे सोपविली आहे. सूचना किती जणांनी पाहिली हे आता आम्ही मोजत नाही. मुदतीच्या चार दिवस आधी, अर्ज कोणाचे आलेले नाहीत तेवढीच नावे काढतो आणि त्या घरी जातो. गेल्या वर्षी अशी अकरा घरे निघाली. त्यांपैकी तीन घरी फोनच बंद पडलेला होता, एका घरी मुलीचे शिक्षण थांबवावे असे ठरत आले होते आणि तेथे दोनदा जावे लागले.

ज्या मुलीची शाळा माझ्या निष्काळजीपणामुळे सुटली, तिच्याही घरी गेलो. तिच्या आईने मला काही बोल लावला नाही, चहा दिला. त्याचेच अधिक वाईट वाटले. बाहेरून परीक्षेस बसण्यासाठी तिचा १७ नंबरचा फॉर्म आम्ही सोबत बसून भरला. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती गणितासाठी येते. तिच्या आईचे नाव आजही त्या मोठ्या गटात आहे. पण तिला काही कळवावयाचे असेल तर मी गटावर लिहीत नाही. तिचे घर माझ्या वाटेवरच आहे.